ट्रकची डावीच बॅटरी दर आठ महिन्यांनी का मरते?

गाडी दहा चाकी, बीएस-४. सांगलीकडून साखर भरून न्हावा शेव्याला जाते, येताना मिळेल तो माल घेते. १२ व्होल्ट १५० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टची सिस्टीम. नेहमीचीच मांडणी, त्यात विशेष काही नाही.

विशेष हे, की सव्वादोन वर्षांत डावीकडची बॅटरी चार वेळा गेली. उजवीकडची एकदाच गेली, पण जाण्याआधी ती पाणी पीत होती. पंधरा दिवसांनी झाकणं उघडली की प्लेटा उघड्या पडायच्या बेतात. डावीचं पाणी मात्र जिथल्या तिथे. मला तेव्हा वाटायचं, पाणी पिते ती खराब, न पिणारी चांगली. नेमकी ती 'चांगली'च दर वेळी दगा द्यायची.

चौथ्या वेळी उरणकडच्या एका गोदामाबाहेर गाडी तीन दिवस रांगेत होती. रात्री अडीचला पुकारा झाला, आमच्या ड्रायव्हर मामांनी किल्ली फिरवली आणि सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) नुसतं 'टक्' करून गप्प. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, सेल्फ फिरत नाही. मागच्या गाड्यांनी शिव्या घातल्या, नंबर गेला, एक दिवस बुडाला. शेजारच्या गाडीवरून तारा टाकून गाडी चालू केली आणि दुसऱ्या दिवशी मिरजेला आमच्या वायरमन चाचांकडे आणली.

मी म्हटलं, "चाचा, माल खराब येतोय हल्ली. कुठल्या कंपनीची घेऊ सांगा."

चाचांनी बॅटरीकडे बघितलंच नाही. बॅटरीच्या पेटीत टॉर्च मारला आणि म्हणाले, "शेट, चार बॅटऱ्या चार दुकानांतल्या. सगळ्याच खराब कशा येतील? बॅटरी मरत न्हाई, ही जागा मारतीया तिला."

तिथून पुढे दोन तास आम्ही जे तपासलं ते खाली देतोय. तुमच्या गाडीतही जोडीतली एकच बॅटरी पुन्हा पुन्हा जात असेल, तर नवी घ्यायच्या आधी एवढं करा.

आधी ह्या दोन बॅटऱ्या कोण कुठली ते ओळखा

जोडीतल्या एका बॅटरीचं निगेटिव्ह चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला), म्हणजे अर्थला जातं. दुसरीचं पॉझिटिव्ह सेल्फकडे जातं. आणि दोघींच्या मध्ये एक जाड जोडतार असते, पहिलीच्या पॉझिटिव्हपासून दुसरीच्या निगेटिव्हपर्यंत. आपण त्यांना 'अर्थकडची' आणि 'सेल्फकडची' म्हणू. माझ्या गाडीत अर्थकडची डावीकडे आहे.

आता त्या मधल्या जोडतारेकडे नीट बघा. तिथे दोन्ही टोकांना एकच जाड तार असायला हवी. माझ्या गाडीत अर्थकडच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला जोडतारेसोबत आणखी तीन बारीक तारा बोल्टखाली दाबलेल्या होत्या. एक लाल, एक पिवळी, एक चिकटपट्टी गुंडाळलेली. त्यांचा माग काढत गेलो तर पहिली गाण्यांच्या टेपला आणि अ‍ॅम्प्लिफायरला, दुसरी पंख्याला, तिसरी देवाच्या फोटोभोवतीच्या एलईडी माळेला आणि मोबाइल चार्जरला.

सगळा रोग इथे होता. टेप, पंखा, चार्जर ही बाजारात सहज आणि स्वस्त मिळतात ती १२ व्होल्टची. गाडी २४ ची. मग कोणीतरी सोपी वाट काढतं: दोघींच्या मधून तार ओढली की १२ व्होल्ट मिळतात. चालतंही मस्त. फक्त तो सगळा भार एकट्या अर्थकडच्या बॅटरीवर पडतो. सेल्फकडचीला त्याचा पत्ताही नसतो.

मधून तार ओढली तर बिघडतं काय

मला आधी वाटलं होतं, एक बॅटरी थोडी जास्त उतरली तर काय झालं, गाडी चालू झाली की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) भरून काढेल. नाही काढत. कारण दोघी एकापुढे एक आहेत. एकीतून जेवढा करंट जातो तेवढाच दुसरीतून जातो, कमी भुकेलीला कमी आणि जास्त भुकेलीला जास्त असं वाढता येत नाही. चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बघतो तो दोघींचा मिळून आकडा, समजा २८.२ व्होल्ट. तो २८.२ झाला की त्याचं काम झालं. आतली वाटणी कशी झाली हे त्याला दिसत नाही.

उतरलेली बॅटरी चार्ज होताना व्होल्टेज वर चढू देत नाही, भरलेली लगेच चढते. चाचांनी इंजिन थोडं रेसवर ठेवून दोघींवर वेगवेगळं मीटर लावलं. अर्थकडची १३.१, सेल्फकडची १५.१. बेरीज बरोबर २८.२. वाटणी मात्र सावत्र आईची.

१५ च्या वर चार्जिंग गेलं की पाण्याचा वायू होऊन उडून जातो, प्लेटा झिजतात. म्हणून उजवी पाणी पीत होती. आणि डावीला १३ च्या आसपास कधीच पोटभर चार्जिंग मिळत नव्हतं. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटांवर सल्फेटचा पांढरा, कडक थर बसतो आणि ती नंतर चार्जिंग घेतच नाही. एक उपाशी मरते, दुसरी खाऊन खाऊन. आणि दर वेळी मी काय करत होतो? मेलेल्या उपाशीच्या जागी नवी बसवत होतो, तिलाही उपाशी मारायला.

दुसरी चूक त्यातलीच. नवी-जुनी जोडी लावली की दोघींची क्षमता वेगळी होते आणि वाटणी आणखी बिघडते. घ्यायच्या तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या, जवळपास एकाच महिन्यात बनलेल्या. परवडत नसेल आणि घरी एकापेक्षा जास्त गाड्या असतील, तर नवीला नवी आणि जुनीला जुनी अशा जोड्या लावा. ग्रॅव्हिटी (आतल्या द्रवाची घनता) जुळते का ते बघून.

आता आकडे. मीटर हातात घ्या

साधं ५००-६०० रुपयांचं मल्टीमीटर पुरतं.

पहिलं माप गाडी रात्रभर बंद ठेवून, सकाळी सेल्फ मारायच्या आधी. प्रत्येक बॅटरीवर वेगळं. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ अर्धी. १२ च्या खाली गेली असेल तर तिला आधी बाहेर काढून चार्ज करा, मगच निकाल द्या. साडेदहाच्या आसपास अडकून बसली असेल तर सहापैकी एक सेल बसलाय, तिचा नाद सोडा.

दुसरं माप सेल्फ मारताना. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने मीटर बघायचं. आळीपाळीने दोघींवर. चांगली बॅटरी साडेनऊ-दहाच्या खाली सहसा जात नाही. एक १०.५ ला थांबते आणि दुसरी ७ ला कोसळते, तर कोण आजारी हे वेगळं सांगायला नको.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं माप कोणी घेतच नाही: इंजिन चालू असताना दोघींवर वेगवेगळं. अर्ध्या तासाच्या चालीनंतर दोघींमध्ये ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला की मधे कुठेतरी तार ओढलेली आहे किंवा जोडी बेमेळ आहे असं समजा. दोन्ही मिळून २७.६ ते २८.८ च्या दरम्यान हवं. २७ च्या खाली असेल तर बेल्ट, अल्टरनेटर नाहीतर वायरिंग. २९ च्या वर असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि तो दोन्ही बॅटऱ्या उकळून टाकेल.

झाकणाची बॅटरी असेल तर ग्रॅव्हिटी मोजायचा हायड्रोमीटर लावाच. दीड-दोनशे रुपयांची काचेची नळी आहे, पण मीटर जे लपवतं ते ही सांगते. आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी बहुतेक १.२४० च्या आसपास ठेवलेली असते, काहींची १.२६०-१.२८०. बॅटरीवर किंवा कार्डावर लिहिलेलं असतं. खरा अर्थ सहा सेलमधल्या फरकाला आहे. पाच सेल १.२३० आणि एक १.१६०, तर तो एक सेल बाकीच्यांना घेऊन बुडणार.

माप घेण्याआधी दोन गोष्टी. बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नाही, चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. आणि तार काढताना नेहमी आधी अर्थची, बसवताना अर्थची शेवटी. पाना पॉझिटिव्ह आणि चासीला एकदम टेकला तर काय होतं ते आमच्या किन्नरच्या (क्लीनरच्या) घड्याळाच्या पट्ट्यावर अजून दिसतं.

सगळं बरोबर असूनही सेल्फ जड फिरत असेल तर

मग बॅटरीला दोष देऊ नका, तारांना द्या. सेल्फ फिरायला लागतानाच्या क्षणी शेकडो अँपिअर ओढतं. तेवढ्या करंटला लगखालचा (लग म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी) गंज किंवा सैल बोल्टसुद्धा मोठा अडथळा असतो.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारा. अर्धा व्होल्टही दिसायला नको. माझ्या गाडीत १.४ दिसले. गिअरबॉक्स ते चासी जी अर्थची पट्टी असते ती चिखल, मीठ आणि गंजाने अर्धी तुटलेली होती. बंदराकडे नेहमी जाणाऱ्या गाड्यांत हे लवकर होतं. नवी पट्टी, नवे लग, चासीवरचा रंग खरवडून लख्ख लोखंडावर बोल्ट. हाच प्रयोग पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा बोल्ट असाही करा.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. कोरडं करून घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलिन लावा. बोल्टच्या आत ग्रीस भरून मग आवळणारे मेस्त्री मी बघितलेत, तसं करू नका.

बॅटरीचा क्लॅम्पही हलवून बघा. पेटीत बॅटरी नाचत असेल तर खड्ड्यांनी आतल्या प्लेटांचा चुरा खाली साचतो आणि एक दिवस सेल शॉर्ट होतो. दोन नट आणि एक रबरी पट्टी, एवढ्याचा प्रश्न असतो.

रात्रीतून उतरते, कोणी काही वापरलं नसतानाही?

मग चोर शोधा. किल्ली काढा, दारं लावा, निगेटिव्ह तार काढून मीटर १० अँपिअरच्या खाचेत ठेवून मधे जोडा. ह्या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. जीपीएस वगैरे धरून पन्नास-शंभर मिलिअँपिअर दिसले तर ठीक. अर्धा-एक अँपिअर दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला तिथे चोर.

एकही फ्यूज काढून आकडा हलला नाही तर अल्टरनेटरची जाड तार सोडून बघा. आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला असेल तर अल्टरनेटर दिवसा कमी भरतो आणि रात्री उलटं पितो. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावलं आणि अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तरी संशय डायोडवरच.

मेन स्विच असेल तर मुक्कामाला तो बंद करायची सवय बरी. पण बीएस-६ युरियावाली (धूर साफ करायला युरियाचं द्रावण लागणारी) गाडी असेल तर इंजिन बंद केल्याबरोबर मेन स्विच पाडू नका. इंजिन बंद झाल्यावर युरियाचा पंप नळीतलं द्रावण परत टाकीत ओढतो. ते अर्धवट राहिलं तर नळीत खडे धरतात आणि त्याचा खर्च बॅटरीपेक्षा मोठा आहे. दोन मिनिटं थांबा, एखादा चहाचा घोट घ्या, मग पाडा. ह्या गाड्यांना धक्कास्टार्टचाही भरवसा नाही. ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही तर कितीही ढकला, इंजिन पेटणार नाही.

आम्ही केलेला उपाय

मधल्या टर्मिनलवरच्या तिन्ही बारीक तारा काढून टाकल्या. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवला, २० अँपिअरचा. त्याची आत जाणारी तार सेल्फकडच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून, म्हणजे पूर्ण २४ व्होल्टवरून, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. बाहेर येणाऱ्या १२ व्होल्टवर टेप, पंखा, चार्जर, माळ सगळं.

किती अँपिअरचा घ्यायचा? बेरीज करा. आमच्याकडे पंखा दीड, टेप तीन, दोन चार्जर मिळून चार, माळ एक. साडेनऊ झाले. दुप्पट घ्या म्हणजे तापणार नाही. मोठे वूफर असतील तर ह्या हिशोबात बसणार नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा विचार करा किंवा ड्रायव्हरशी प्रेमाने बोला. स्वस्तातला कन्व्हर्टर घेताना पेटीवर लिहिलेल्या अँपिअरवर फार विश्वास ठेवू नका. हातात वजन आणि बाहेर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेला बरा.

फरक किती पडतो ते कागदावर मांडतो, कारण मला तोंडी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. पंखा रात्रीचे आठ तास, म्हणजे १२ अँपिअर-तास. टेप दिवसभरात सहा तास, १८. रोजचे ३०. तीन दिवस रांगेत, ९०. आधी हे ९० एकट्या अर्थकडच्या १५० एएचच्या बॅटरीतून जायचे. मागे ६० उरले. तेही ती पूर्ण भरलेली असेल तर, आणि ती तर कधीच भरलेली नसायची.

कन्व्हर्टर लावल्यावर तेच ३० अँपिअर-तास २४ व्होल्टवरून काढताना, त्याची स्वतःची थोडी नासाडी धरूनही, १७ च्या आसपास पडतात. तीन दिवसांचे ५१. दोन्ही बॅटऱ्यांत शंभर-शंभर शिल्लक. सेल्फ फिरतं.

'पंखाच बंद ठेवायला सांगा ना ड्रायव्हरला' असं मला एका ट्रान्सपोर्टवाल्याने सुचवलं होतं. मे महिन्यात उरणच्या रस्त्यावर, बाजूला डबक्यातले डास, अशा केबिनमध्ये त्याने एक रात्र झोपून दाखवावं. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे, पण इंजिन बंद ठेवून रांगेत उभ्या असलेल्या गाडीत तिचा काय उपयोग? पंखा लागणारच. नवा घ्यायचा असेल तर सरळ २४ व्होल्टचा घ्या, तो मिळतो. एलईडी दिवेही २४ चे मिळतात. त्यांना कन्व्हर्टरही लागत नाही.

रांगेत इंजिन तासभर चालू ठेवून बॅटरी भरायचा बेत करू नका. आयडलला अल्टरनेटर थोडंच देतो आणि आमच्या गाडीला तासाला दीड-दोन लिटर डिझेल जातं. त्यापेक्षा व्होल्टेज २४ च्या खाली गेलं की आपोआप तोडणारा लो व्होल्टेज कटऑफ बसवा. पंखा पहाटे बंद पडेल, पण सेल्फ शाबूत राहील.

उजवी बॅटरी अकरा महिन्यांचीच होती, ग्रॅव्हिटी सहाही सेलला सारखी आली, म्हणून ठेवली. नियमाने जोडीच बदलायला हवी होती, पण खिशाचाही नियम असतो. डावी नवी आणली. बसवण्याआधी दोघींना वेगवेगळं, सावकाश, १५ अँपिअरवर पूर्ण चार्ज केलं. हे कोणी करत नाही आणि म्हणूनच जोडी पहिल्या दिवसापासून बिघडते. क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट, घाई नाही.

पैसे

सव्वादोन वर्षांत पाच बॅटऱ्या. एक स्थानिक जोडणीची स्वस्त, बाकी कंपनीच्या. जुनीचं भंगार वजा जाता सरासरी ९,६०० रुपये एक, म्हणजे ४८,०००. रस्त्यावर मेकॅनिक बोलावणं, टोचन, जम्पसाठी चहापाण्याचे मिळून १०,०००. बुडालेला दिवस ४,०००. एकूण ६२,०००. नीट वागवलेली जोडी माझ्या दुसऱ्या गाडीत तीन वर्षं चालली आहे. त्या हिशोबाने ह्या काळात मला १४,४०० खर्च यायला हवा होता.

ताडून बघायला सर्व्हिसिंगचा आकडा देतो. ऑइल १८ लिटर, साधारण ५,६००. फिल्टर २,३००. ग्रीसिंग आणि मजुरी १,५००. साडेनऊ हजारांच्या आत-बाहेर, दर २०,००० किलोमीटरला. वर्षाला साठ हजार किलोमीटर, म्हणजे तीन सर्व्हिसिंग, २८,०००. आणि बॅटरीचा वर्षाचा खर्च काढला तर साडेसत्तावीस हजार. म्हणजे आख्ख्या वर्षाच्या ऑइल-फिल्टरएवढे पैसे मी एका चुकीच्या तारेपायी घालवत होतो. गंमत म्हणजे ऑइलच्या लिटरमागे दहा रुपयांसाठी मी दुकानदाराशी भांडतो.

दुरुस्तीचा खर्च: कन्व्हर्टर २,४००, अर्थची पट्टी आणि लग ८५०, मल्टीमीटर आणि हायड्रोमीटर ९००, चाचांची मजुरी १,२००. मिळून ५,३५०. माझ्या ह्या सगळ्या बॅटऱ्या २८ टक्के जीएसटीच्या काळातल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. मूळ दर १०,००० असेल तर १२,८०० चं बिल ११,८०० वर येतं. आता घेणाऱ्यांनी बिलावर तेवढं बघून घ्यावं.

वॉरंटीत पैसे का नाही मिळाले, असं विचाराल. पहिली बॅटरी जुनीच होती, तिचं वय झालं होतं. दुसरी स्थानिक जोडणीची, सहा महिन्यांची गॅरंटी, आठव्या महिन्यात गेली. तिसरीचा क्लेम नाकारला, कारण ती उतरलीय म्हणून वाटेत कोणीतरी तिच्यात अ‍ॅसिड ओतलं होतं. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. अ‍ॅसिड उडून जात नाही, पाणी उडतं. आरओचं किंवा बाटलीतलं प्यायचं पाणीही डिस्टिल्ड नसतं. चौथीच्या कार्डावर विक्रेत्याचा शिक्काच नव्हता, ही माझी हयगय.

आणि कार्डामागची बारीक अक्षरं वाचा. फुल वॉरंटीचा काळ संपून प्रो-राटा (वापरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने सूट) सुरू झाला की मिळणारी सूट आमच्या कार्डावर छापील किमतीवर होती, बाजारभावावर नाही. वर जुनी बॅटरी त्यांच्याकडे जमा, म्हणजे भंगाराचे पैसेही नाहीत. शेवटच्या महिन्यांत तर नवी सरळ दुकानातून घेऊन भंगार विकणं तितकंच पडतं. भंगारही वजनावर विका आणि विकताना दुकानदाराकडेच द्या. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. रस्त्याकडेला शिसं वितळवणाऱ्याला चार रुपये जास्तीसाठी देऊ नका, ते अ‍ॅसिड कुणाच्या तरी विहिरीत जातं.

आत्ता गाडीची स्थिती

चौदा महिने झाले. गेल्या आठवड्यात माप घेतलं: चालू इंजिनवर अर्थकडची १४.०, सेल्फकडची १४.१. उजवीचं पाणी दोन महिन्यांतून एकदा, तेही थोडंसं. उरणच्या रांगेत चार दिवस उभी राहून पहिल्या किल्लीला चालू झाली. मामांनी नंतर विचारलं, "मालक, आता कन्व्हर्टर मोठा आहे तर दुसरा वूफर बसवू का?" मी म्हटलं, मामा, आधी बेरीज करून आणा.

तुमची गाडी असंच करत असेल तर वायरमनकडे जाताना कागदावर चार मापं घेऊन जा. सकाळी बंद गाडीत दोघींचे वेगवेगळे व्होल्ट, सेल्फ मारताना दोघींचे, चालू इंजिनवर दोघींचे, आणि सेल्फ मारताना निगेटिव्ह खांब ते इंजिनमधला व्होल्ट. शिवाय मधल्या टर्मिनलचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, किती तारा दाबल्यात तो मोजण्यापुरता.